जांबच्या नारायणाची विशी

आपल्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. गोदाकाठच्या काळ्या रानातले हे एक साधे खेडे. एरवी त्याचे नाव जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीला तेथील कुलकर्णी सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी दुसरा मुलगा जन्मला. त्याचे नाव नारायण ठेवले. हाच नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला आणि जांबचे जांब समर्थ झाले. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील राममंदिरातील मूर्ती चोरीला गेल्या आणि काही आठवड्यांनी पोलिसांनी त्या शोधून आणल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून गावाचे नाव पुन्हा एकदा गाजले. नंतर सारे शांत झाले. आपल्या जिल्ह्याची ही रीतच आहे. आपले मोठे लोक आपल्याला चोरी झाल्यावर आठवतात!

शाळेत असताना आपण सर्वांनीच समर्थांचे चरित्र ऐकलेले असते. पण त्यातली दोनच चित्रे डोळ्यांपुढे राहतात. एक, बोहल्यावरून पळणारा बारा वर्षांचा मुलगा. आणि दुसरे, सज्जनगडावर बसलेले, दाढीजटा वाढलेले, हाताखाली कुबडी घेतलेले वृद्ध स्वामी. या दोन चित्रांच्या मध्ये जो तरुण होता तो आपल्याला कोणी दाखवीत नाही. विद्यार्थिमित्रांनो, हा अंक हाती घेणारे आपण बहुतेक जण अठरा ते पंचवीस या वयातले आहोत. या वयात नारायण ठोसर काय करीत होता? कोठे होता? त्याच्या हाती तेव्हा काय होते? या लेखात मुख्यतः तेवढेच पाहावयाचे आहे. स्वामींचे उत्तरायुष्य सर्वांना माहीत आहे. त्यावर ग्रंथ भरपूर आहेत.

सूर्याजीपंत सूर्योपासक होते. आई राणूबाई. थोरला भाऊ गंगाधर नारायणाहून तीनेक वर्षांनी मोठा. नारायण सात वर्षांचा असताना वडील वारले आणि कुलकर्णीपणाचे दप्तर गंगाधराच्या कोवळ्या खांद्यावर आले. गंगाधर समजूतदार, घर धरून राहणारा, शांत. धाकटा झाडावर चढणारा, डोहात उड्या मारणारा, मध्येच तासन् तास गप्प बसणारा. एकदा तो घरातल्या अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत बसलेला सापडला आणि विचारल्यावर आपण विश्वाची काळजी वाहत होतो असे त्याने आईला सांगितले, अशी गोष्ट सांगतात. मोठ्या माणसांच्या बालपणाच्या अशा गोष्टी नंतर रचल्या जातात हे आपण जाणतो. समर्थांची विस्तृत बखर हनुमंतस्वामींनी लिहिली ती त्यांच्या निधनानंतर शंभरावर वर्षांनी. त्यामुळे तिच्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण घरात वडील नाहीत, थोरला भाऊ पोरवयातच कर्ता झालेला आहे, आणि धाकट्याचे मन घरात नाही, एवढे चित्र तर आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजही जसेच्या तसे सापडेल.

अशा मुलावर उपाय म्हणून लग्न काढायचे, हाही आपल्याकडचा जुना रिवाज. जवळच्या आसनगावी राणूबाईंच्या माहेरच्या नात्यातली मुलगी ठरली. नारायणाने नकार दिला. आईने त्याच्याकडून अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणणार नाही असे वचन घेतले, आणि मुलाने ते अक्षरशः पाळले. अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली, सावधान शब्द कानी पडला आणि नवरदेव मंडपातून निघून गेला. आईला दिलेले वचन मोडले तर नाहीच. कोणा वकिलालाही त्यात खोट काढता येणार नाही! हे साल १६२० चे. नारायण बारा वर्षांचा होता.

हा प्रसंग कीर्तनात मोठ्या रंगात येतो, श्रोते हसतात. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. बोहल्यावर अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. ती त्याच्याहून लहानच असणार. चरित्रकार तिच्यापाशी फारसे थांबत नाहीत. आपल्या मराठवाड्यात बालविवाह अजून थांबलेले नाहीत, आणि आजही अशा लग्नात पळून जाण्याची सोय मुलालाच अधिक असते. नारायणाच्या पळण्याचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे. मंडपात उभ्या राहिलेल्या राणूबाईंनाही पुढली चोवीस वर्षे मुलाचे दर्शन झाले नाही. रडून रडून त्यांची दृष्टी गेली असे परंपरा सांगते. स्वतःचा मार्ग निवडण्याची किंमत निवडणाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही. पुष्कळदा ती घरचे मोजतात.

नारायण गोदावरीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे चालत निघाला. जांब ते नाशिक हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. पंचवटीत रामाचे दर्शन घेऊन तो जवळच टाकळी येथे, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर राहिला. १६२० पासून १६३२ पर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत, त्याचा मुक्काम तेथेच होता. आपल्या हिशेबात बोलायचे तर सातवीपासून एम.ए. होईपर्यंतचा सगळा काळ.

या बारा वर्षांत काय केले? पहाटे उठणे, सूर्यनमस्कार, मग दुपारपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जप, त्यानंतर पंचवटीत माधुकरी, दुपारी मंदिरांतून चालणाऱ्या पुराणांचे आणि प्रवचनांचे श्रवण, उरलेल्या वेळात वाचन आणि लेखन. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप त्याने पुरा केला असे संप्रदायात मानतात. वर्गातल्या एका गणितप्रेमी मित्राबरोबर मी याचा हिशेब मांडून पाहिला. बारा वर्षांचे दिवस ४,३८३. तेव्हा रोजचा जप २९,६०० च्या वर गेला. सेकंदाला एक धरला तरी सव्वाआठ तास होतात, आणि एका सेकंदात तेरा अक्षरे नीट उच्चारून पाहावीत म्हणजे अडचण कळेल. असो. आकडा श्रद्धेचा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या आकड्यातून मला एवढेच दिसते, की ज्यांनी ही आठवण जपली त्यांच्या मनावर चमत्काराचा ठसा नव्हता, रोजच्या रोज एकच काम न चुकता करण्याचा होता. बारा वर्षांत एकही दिवस गाळला नाही, हे आकड्याचे खरे सांगणे आहे.

याच काळातले आणखी एक काम अधिक पक्क्या पुराव्याचे मानले जाते. वाल्मीकि रामायण त्याने स्वतःच्या हाताने उतरवून काढले. त्या काळी ग्रंथ हवा असेल तर तो कोणाकडून मागून आणून, बसून, एकेक अक्षर लिहून काढावा लागे. रामायणाचे चोवीस हजार श्लोक! नोट्सच्या झेरॉक्स प्रती काढून परीक्षेच्या आदल्या रात्री त्या चाळणाऱ्या आपल्यासारख्यांना या कामाची कल्पनाही येणार नाही. मात्र उतरवणाऱ्याचा एक फायदा असतो. जे लिहिले ते हातातून मनात जाते. त्यांच्या पुढच्या लिखाणात मराठी आणि संस्कृत शब्दसंपत्तीचा जो सहज ओघ दिसतो, त्याचे मूळ या नक्कलकामात असावे असे मला वाटते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची जुनी बाडे गावोगाव हिंडून गोळा केली. त्यांनी उभारलेल्या धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून मानले जाणारे हे रामायण जपून ठेवलेले आहे.

आज आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले पदवी झाली की स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला जातात. कॉट भाड्याने घेतात, अभ्यासिकेत खुर्ची धरतात, दोन वर्षांची चार होतात, चाराची सहा. गावी गेले की प्रत्येक जण निकालाचे विचारतो, म्हणून गावी जाणेच ती टाळू लागतात. टाकळीच्या नारायणाशी त्यांची तुलना करणे धाडसाचे होईल. त्याच्यापुढे जाहिरात नव्हती, वयोमर्यादा नव्हती, नापास होण्याची सोयही नव्हती. तरीही एक गोष्ट समान आहे. बाहेरून पाहणाऱ्याला बारा वर्षे काहीच घडत नव्हते. गोदेच्या पाण्यात उभा असलेला, भिक्षेवर जगणारा, ना पंडित ना पुजारी असा एक तरुण. नाशिकच्या बाजारातल्या एखाद्या व्यवहारी गृहस्थाने त्याच्याकडे पाहून काय म्हटले असेल याची आपण सहज कल्पना करू शकतो.

आणि त्याला स्वतःलाही शंका येत नसेल असे नाही. करुणाष्टके म्हणून जी रचना घरोघर म्हटली जाते ती सामान्यतः या टाकळीच्या काळाशी जोडली जाते. आपण ती संध्याकाळी हात जोडून म्हणतो म्हणून तिच्यातला तरुण आपल्याला ऐकू येत नाही. मन स्थिर राहत नाही, आप्तस्वकीय दूर गेले, दिवस वाया चालले, आपल्या हातून काही झाले नाही, असा तो आक्रोश आहे. विशीतल्या माणसाच्या मनातली ही नेहमीची तळमळ होय. पुढे ज्यांना जगाने समर्थ म्हटले त्यांची ही पहिली वाणी अगदी असमर्थाची आहे, याकडे मराठीच्या तासाला सुद्धा कोणी आमचे लक्ष वेधले नव्हते.

टाकळीचा काळ संपत आला तेव्हाच १६३० चा दुष्काळ पडला. लागोपाठ पाऊस गेला. गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळले. वर मोगल फौजा दक्षिणेत उतरलेल्या. बादशहा शहाजहान स्वतः बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाचे वर्णन केले आहे. पीटर मंडी हा इंग्रज त्या वेळी सुरतेहून आग्र्याला गेला, त्यानेही वाटेत दिसलेली ओस गावे आणि प्रेते नोंदवून ठेवली आहेत. धान्यासाठी माणसे स्वतःला आणि पोटच्या मुलांना विकायला तयार झाली होती. मलिक अंबर १६२६ मध्येच गेला होता. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. म्हणजे ज्या राज्यात नारायणाचे वडील कुलकर्णी होते ते राज्यच त्याच्या विशीत मोडून पडले.

येथे दुसऱ्या एका तरुणाची आठवण होते. देहूचे तुकोबा. त्यांचा जन्मही सामान्यतः १६०८ चाच धरतात. तेव्हा १६३० च्या दुष्काळात दोघेही बावीस वर्षांचे. तुकोबांना दुष्काळाने संसारात गाठले. आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ विरक्त होऊन निघून गेलेला, दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी सावकारीची खते काढली, भावाच्या वाटणीची त्याला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या गावगाड्यात कुळांची कर्जे स्वतःच्या हाताने बुडवणारा बाविशीतला सावकार! एकाला वैराग्य बाजारात मिळाले, दुसऱ्याला नदीच्या पाण्यात. एकाच पिढीतल्या, एकाच भाषेतल्या, एकाच दुष्काळातून गेलेल्या या दोन तरुणांचे मार्ग किती निराळे झाले, आणि आपण दोघांनाही एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगून मोकळे होतो.

१६३२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, नारायणाने टाकळी सोडली. आता त्याने स्वतःला रामदास म्हणवून घेतले होते. पुढची बारा वर्षे तो चालत होता. काशी, अयोध्या, मथुरा, बदरी-केदार, जगन्नाथपुरी, रामेश्वर, अशी ठिकाणे परंपरा सांगते. हिमालयाच्या बाजूला शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांच्याशी त्याची भेट झाली अशी हकीकत शीख परंपरेतही सांगितली जाते. धर्माची गोष्ट सांगणारा हा गुरू घोड्यावर बसतो आणि कमरेला शस्त्र लावतो, हे पाहून या तरुण गोसाव्याला आश्चर्य वाटले असे त्या कथेचे मर्म आहे. ठिकाण आणि साल यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण समर्थांच्या कुबडीत गुप्ती लपवलेली होती, आणि ती आजही सज्जनगडावर दाखवतात, हे लक्षात घेतले म्हणजे ती कथा अगदीच टाकून देता येत नाही.

या भ्रमंतीला तीर्थयात्रा म्हणणे अपुरे आहे. तीर्थयात्रेला जाणारा पाण्यात बुडी मारून, गंगाजळी भरून परत येतो. रामदासांनी बारा वर्षे माणसे पाहिली. पुढे भिक्षेविषयी त्यांनी जे लिहिले त्यात एक मोठी मार्मिक कल्पना आहे. भिक्षा मागायची ती पोटासाठी कमी आणि पारखण्यासाठी अधिक. भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर सर्वांच्या दारात जाता येते, कोण कसा आहे हे कळते, कोणत्या गावात काय चालले आहे ते समजते. आपल्या समाजशास्त्राच्या विभागात ज्याला क्षेत्रीय पाहणी म्हणतात ती हीच की नाही? फरक एवढाच की आपण प्रश्नावली घेऊन जातो आणि चहा घेऊन परत येतो.

मात्र या काळातली एक बाब मी मुद्दाम नोंदवू इच्छितो. १६४४ साली ते महाराष्ट्रात परतले तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. त्यांच्या नावावर एकही मोठा ग्रंथ नव्हता. चाफळचे मंदिर नव्हते. टाकळीला उद्धव नावाचा एक शिष्य सोडला तर शिष्यपरिवार नव्हता. ज्याला आपण करिअर म्हणतो त्या हिशेबाने छत्तिसाव्या वर्षी त्यांच्या पदरी शून्य होते. पंचविशीत मुलगा कुठे चिकटला नाही तर आपल्या घरांतून जी भाषा सुरू होते ती सर्वांना पाठ आहे. समर्थांचे म्हणून जे जे कार्य आपण सांगतो ते सारे छत्तिशीनंतरचे आहे. अर्थात याचा आधार घेऊन कोणी छत्तिशीपर्यंत कट्ट्यावर बसू नये. ती चोवीस वर्षे रिकामी नव्हती हे वर आलेच आहे.

परतताना ते पैठणमार्गे जांबला आले. दारात उभे राहून भिक्षेची आरोळी दिली. वहिनी पार्वतीबाई भिक्षा घेऊन आल्या आणि त्यांनी दिराला ओळखले नाही. आतून अंध राणूबाईंनी आवाजावरून ओळखले, असे सांगतात. त्यानंतर आईला दृष्टी आल्याची कथा आहे. मला त्या चमत्कारापेक्षा पुढचे काही दिवस महत्त्वाचे वाटतात. त्यांनी आईला भागवतातली कपिलगीता सांगितली. भावाच्या घरात ते राहिले. आणि दोघा भावांचे बोलणे झाले असणारच. गंगाधरपंतांनी चोवीस वर्षे दप्तर सांभाळले, आई सांभाळली, मुले वाढवली, आणि त्यातूनही भक्तिरहस्य आणि सुलभोपाय असे ग्रंथ लिहिले. संप्रदाय त्यांना श्रेष्ठ म्हणतो. पळून गेलेला धाकटा समर्थ झाला आणि घरी राहिलेला थोरला श्रेष्ठ. ही पदवी नुसत्या वयाची नसावी. धाकट्याला बारा वर्षे पाण्यात उभे राहता आले, कारण जांबच्या घरात चूल पेटती ठेवणारा कोणी होता. आईच्या अंतकाळी आपण येऊ असे वचन देऊन रामदास पुन्हा निघाले, आणि १६५५ मध्ये ते पाळले असे परंपरा सांगते.

पुढचा भाग थोडक्यात. ते कृष्णेच्या खोऱ्यात उतरले. १६४५ मध्ये मसूरला रामनवमीचा उत्सव सुरू केला, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या आजच्या जिल्ह्यांत अकरा मारुती स्थापन झाले. शिवथरच्या घळीत दासबोध सिद्ध झाला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला: २० दशक, २०० समास, ओव्या ७,७५१. मठ उभे राहिले. त्या मठांत स्त्रियाही होत्या, ही गोष्ट आमच्या वर्गभगिनींनी जरूर लक्षात घ्यावी. वेणाबाई बालविधवा. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य म्हणजे माजघरातला कोपरा. समर्थांनी तिला शिकवले, उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला आणि मिरजेचा मठ तिच्याकडे सोपवला. तिने सीतास्वयंवर लिहिले. अक्काबाईंनी तर समर्थांच्या नंतर चाफळ आणि सज्जनगड यांचा कारभार कित्येक वर्षे पाहिला.

शिवाजी महाराज आणि समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली, महाराजांनी त्यांचा अनुग्रह केव्हा घेतला की घेतलाच नाही, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो या लेखात मिटणार नाही. महाराजांचे स्वराज्याचे कार्य कोणाच्या उपदेशाची वाट पाहत थांबलेले नव्हते, एवढे कालक्रमावरून स्पष्ट दिसते. तसेच दासबोधात ब्राह्मणाच्या श्रेष्ठत्वाविषयी जी मते आहेत ती आजच्या वाचकाने स्वीकारण्यासारखी नाहीत, हेही आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्याचा म्हणून त्यांच्या सगळ्याच ओव्यांना मान डोलावण्याचे कारण नाही.

पण या ग्रंथात विशीतल्या माणसासाठी जे आहे ते फार निराळे आहे, आणि अभ्यासक्रमाला नेमलेल्या उताऱ्यांत ते सहसा येत नाही. तिसऱ्या दशकात त्यांनी एका सामान्य माणसाची हकीकत सांगितली आहे. मुलगा लाडात वाढतो, लग्न होते, मन बायकोकडे ओढ घेते आणि आईबाप परके होतात. मुले होतात, मिळकत पुरत नाही, कर्ज होते. मग हा तोंड लपवून परमुलखात कमवायला जातो. चार पैसे घेऊन परततो तेव्हा पोरे गळ्यात पडतात, घरात चार दिवस आनंद असतो. पैसे संपतात आणि पुन्हा वाट धरावी लागते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही हकीकत जुनी वाटणार नाही. स्वतः संसार न केलेल्या माणसाने ती लिहिली आहे. बारा वर्षे दारोदार उभे राहिल्याशिवाय हे दिसत नाही.

अकराव्या दशकात दिवसाचे वेळापत्रक आहे. सकाळी उठून आधी काही पाठांतर करावे. मग शौचाला दूर जावे, आणि येताना रिकाम्या हाताने येऊ नये, काहीतरी घेऊन यावे. अध्यात्माच्या ग्रंथात ही सूचना वाचून हसू येते. पण मोकळ्या हाताने परत येणे ज्याला खटकते त्याच्या स्वभावाचा तो नमुना आहे. नदीवरून येताना चुलीला दोन काटक्या आणणारा मुलगा आणि ग्रंथालयातून येताना चार ओळी टिपून आणणारा विद्यार्थी हे एकाच जातीचे. देवपूजा झाली की पोटाचा उद्योग, माणसांशी नीट बोलणे, वेळ मिळाला की वाचन, अशी सारी आखणी आहे. रिकामा क्षण त्यांना सोसत नाही.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनिकांसाठीच आहे. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे; ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे; कागदाच्या कडा झिजतात म्हणून भोवती जागा सोडावी. तरुणपणी बारीक अक्षर काढण्याची हौस असते, पण म्हातारपणी ते स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे. हे लिहिणारा माणूस कधीकाळी टाकळीला बसून रामायण उतरवीत होता हे आठवले म्हणजे या सूचना कोठून आल्या ते कळते. शंकर देवांसारख्यांना दोन-अडीचशे वर्षांनी गावोगावच्या मठांतून बाडे सापडली आणि ती वाचता आली, याला ही मध्यम अक्षराची शिस्त काही अंशी तरी कारण असावी.

आणि दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर शेवटी पढतमूर्खाचा समास आहे. पुष्कळ शिकलेला, दुसऱ्याला सांगणारा, पण स्वतः त्याप्रमाणे न वागणारा. चांगल्या ग्रंथातही दोषच शोधणारा. तो समास आपण विद्यार्थ्यांनी वाचावा असे सर म्हणतात, आणि सरांनी वाचावा असे आम्हाला वाटते.

१६७३ मध्ये परळीचा किल्ला स्वराज्यात आला. पुढे समर्थ तेथे राहू लागले आणि किल्ल्याला सज्जनगड हे नाव रूढ झाले. गंगाधरपंत आणि पार्वतीबाई १६७७ मध्ये वारले. वेणाबाई १६७८ मध्ये गेल्या. १६८० मध्ये महाराज गेले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या आरंभी, समर्थांनी गडावर देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळतात.

त्यांना मूलबाळ नव्हते, आणि मठांचा पसारा मोठा होता. चाफळ आणि सज्जनगडची गादी पुढे जांबच्या घराण्याकडे गेली. गंगाधरपंतांच्या वंशजांनी ती चालवली. मंडपातून पळालेल्या मुलाचे सारे संचित अखेर दप्तर सांभाळत घरी राहिलेल्या भावाच्या मुलानातवंडांच्या हाती आले.